‘तात्पुरतं’ म्हणजे किती?

“बाई, ‘तात्पुरतं’ म्हणजे साधारण किती वर्षं?”

हा प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, वर केलेला हातही माझाच होता; पण प्रश्न टाचणीचा होता आणि पैज भोंग्याची. टाचणी आणि भोंगा या माझ्या दोन मैत्रिणी. पहिली अंगानंही तशीच आणि बोलण्यानंही तशीच. दुसरी कानात कुजबुजली तरी शिक्षकांच्या खोलीतले कप हलतात. “विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलेन,” असं भोंगा (तिच्या मते हळूच) म्हणाली होती. ते पहिल्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं, त्यामुळे आता न विचारणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न होता.

गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’सुद्धा अशी पुटपुटायचे की दोनदा गैरहजरी लागली होती. यंदा वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि माझ्या तोंडाची कडी जी निघाली ती निघालीच. आई म्हणते, उत्तेजन जरा जास्तच झालं.

तर त्या दिवशी सरकारच्या मुख्य कार्यालयातून एक बाई शाळेत व्याख्यान द्यायला आल्या होत्या. विषय होता ‘सार्वजनिक अभिलेखांचा नवा कायदा’. अभिलेख म्हणजे सरकारी कागदपत्रं, हे कळल्यावर निम्मा वर्ग झोपला. उरलेला निम्मा आधीच झोपलेला होता. शाळेच्या शेजारी, नगरपालिकेच्या आवारात एक झकास क्रीडागृह आहे. झकास असावं, असा आमचा अंदाज आहे, कारण आम्ही ते आतून पाहिलेलंच नाही. दाराला हिरवं कुलूप आणि वर पाटी : ‘तात्पुरते बंद’. आम्ही पहिलीत आलो तेव्हाही ते तात्पुरतंच बंद होतं. परिणामी आमचा बॅडमिंटनचा संघ मी राहते त्या इमारतीमागच्या बोळात सराव करतो. तिथे शटल वाऱ्यानं उडतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत जाऊन बसतं. आंतरशालेय सामने तोंडावर आले होते आणि आमच्या संघाला जगात फक्त काकूंच्या खिडकीवर अचूक नेम धरता येत होता.

माझा प्रश्न ऐकून मुख्याध्यापकांनी असा चेहरा केला, जणू मी पाहुण्या बाईंना त्यांचं वय विचारलं होतं. बाई मात्र एकदम खुलल्या. बिचाऱ्यांना गावोगाव व्याख्यानं देऊन पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारला असावा.

“शाब्बास!” त्या म्हणाल्या. “ऐक. नव्या कायद्यानुसार सार्वजनिक जागेला कुलूप लावलं की तीन गोष्टी नोंदवाव्याच लागतात. कुणी लावलं, का लावलं आणि कधीपर्यंत. कुणीही मागितलं तर महिन्याभरात ती नोंद दाखवायची. नोंद सापडत नसेल, तर ‘सापडत नाही’ असं सहीनिशी लिहून द्यायचं. जुन्या कुलपांनासुद्धा हे लागू आहे बरं का! तू अर्ज कर.”

“करते!” मी म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात माणूस काहीही कबूल करतो. मोठमोठी माणसं यातूनच निवडून येत असणार.

एक बारीकसा मुद्दा मात्र माझ्या डोक्यातून निसटला होता. नगरपालिकेत अभिलेख विभागाच्या खिडकीत माझे बाबा बसतात.

*

“अर्जदाराचं नाव?” बाबांनी विचारलं.

“बाबा, तुम्हीच ठेवलंय.”

माझ्या मागे रांगेत उभा असलेला प्लंबर खो खो हसला. बाबा हसले नाहीत.

“कार्यालयात मी कुणाचा बाबा नाही. नाव?”

सांगितलं. त्यांनी ते असं लिहून घेतलं, जणू हे नाव ठेवणारे आईबाप कोण असतील याचं त्यांना नवल वाटत होतं.

“पत्ता?”

“तुमचाच.”

“पूर्ण सांगा.”

‘सांगा’! त्याच सकाळी डबा विसरले म्हणून ज्यांनी मला जिन्यातून ‘गाढवे!’ अशी हाक मारली होती, ते मला खिडकीतून अहो-जाहो करत होते. मी पत्ता पूर्ण सांगितला.

घरी येऊन मी म्हटलं, “बाबा, सापडेल ना नोंद?”

“कार्यालयीन बाब. घरी चर्चा नाही.”

“बरं, मीठ द्या.”

“ते देतो.”

बाबांच्या नोकरीत एकच अभिमानाची गोष्ट आहे : त्यांच्या हातून आजवर एकही कागद हरवलेला नाही. हे वाक्य मी अंगाईसारखं ऐकत मोठी झाले. पाहुणे आले की चहाच्या आधी ते येतं. घरी मोजे सापडत नाहीत, चष्मा डोक्यावर असून सापडत नाही. पण कार्यालयात कागद मागा, बाबा डोळे मिटून काढून देतात. त्यांचं अपेंडिक्स काढलं तेव्हा मोठे साहेब स्वतः दवाखान्यात आले होते. फुलं घेऊन नाही. एक फाईल कुठे आहे ते विचारायला.

आई औषधांच्या दुकानात काम करते. तिथे सगळं अक्षरानुसार लावलेलं असतं, त्यामुळे तिला बाबांच्या पद्धतीवर कधीच विश्वास नव्हता. “तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर सगळं गावच आजारी पडतं. ही कसली पद्धत?” ती म्हणायची. बाबा म्हणायचे, “यालाच किंमत म्हणतात.”

ती पद्धत काय आहे, हे मला शनिवारी कळलं. अर्जदाराला अभिलेख बघण्याचा हक्क आहे म्हणे! मी हक्कानं आत गेले. खोलीत कपाटंच कपाटं. प्रत्येकावर बाबांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी : ‘चिडके’. ‘रडके’. ‘वशिल्याचे’. ‘पुन्हा येणारे’.

“बाबा, हे काय?”

“वर्गीकरण,” बाबा गंभीरपणे म्हणाले. आत दुसरं कुणी नव्हतं म्हणून ‘अहो’ गळालं होतं. “विषयानुसार लावलं तर घोळ होतो गं. माणूस रस्त्याबद्दल येतो आणि गटाराबद्दल भांडून जातो. विषय बदलतो, स्वभाव बदलत नाही. माणूस दारात दिसला की मला त्याचं कपाट आठवतं.”

तेवढ्यात तो परवाचा प्लंबर डोकावला. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, ‘वशिल्याचे’मध्ये हात घातला आणि कागद बाहेर! प्लंबरला कागद मिळाल्याचा आनंद झाला, पण कपाटावरची चिठ्ठी वाचून तो जरा दुखावल्यासारखा गेला.

“मग क्रीडागृहाची नोंद?”

बाबांनी चिडके पाहिले, रडके पाहिले, पुन्हा येणारे पुन्हा पाहिले. “हे प्रकरण कुणी आणलंच नाही,” ते हळूच म्हणाले. “चेहराच येत नाही समोर.”

कोपऱ्यात एक कपाट रिकामंच होतं. त्याच्या डोक्यावर छतातून पाणी ठिबकत होतं आणि खाली बादली होती.

“आणि हे?”

“वर गच्चीत टाकी आहे. गळते. बांधकामवाले म्हणतात टाकी पाणीपुरवठ्याची, पाणीपुरवठावाले म्हणतात गच्ची बांधकामाची. बादली मात्र माझी आहे.”

हे सांगताना त्यांनी बादलीकडे मोठ्या मायेनं पाहिलं.

*

आमच्या इमारतीत बातमी पसरायला वर्तमानपत्र लागत नाही. आमचा जिना पुरतो.

“बापाविरुद्ध अर्ज?” वरच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या. “आमच्या वेळी मुली बापासमोर बसतसुद्धा नव्हत्या!”

“काकू, तुमच्या खिडकीत शटल येतं म्हणून तुम्हीच ओरडता ना? क्रीडागृह उघडलं की येणार नाही.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “अर्ज जरा ठळक अक्षरात लिही,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

तळमजल्यावर एक आजोबा राहतात. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण ही गोष्ट त्यांना स्वतःला अजून कळलेली नाही. त्यांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं आणि खासगी आवाजात म्हणाले, “अर्ज कधी एका खात्याकडे करू नये. सगळ्यांकडे करावा. मग ते आपापसात भांडतात आणि आपण चहा प्यावा.”

उंटावरून शेळ्या हाकायला आजोबांचं काय जातंय! पण उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेल्या माणसाला सल्ला म्हणजे आव्हानच वाटतं. पुढच्या आठवड्यात मी, टाचणी आणि भोंगा अशा तिघी प्रत्येक खात्यात गेलो. भोंग्यामुळे आम्ही आल्याची वर्दी वेगळी द्यावी लागत नव्हती.

बांधकाम विभागानं लिहून दिलं : दार आमचं, कुलूप आमचं नाही. क्रीडा विभागानं लिहून दिलं : खेळ आमचे, जागा आमची नाही. पाणीपुरवठ्यातल्या साहेबांनी आधी विचारलं, “तिथे नळ आहे का?” दार बंद असल्यानं आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी लिहून दिलं : नळ असल्यास आमचा, नसल्यास नाही. टाचणी म्हणाली, “यांना विचारलं की तुम्ही कोण, तरी सही करून ‘आम्ही नाही’ म्हणतील.” पण गंमत बघा, पूर्वी हीच माणसं ‘उद्या या’ म्हणायची. आता नव्या कायद्याच्या धाकानं निदान ‘आम्ही नाही’ हे तरी कागदावर आलं होतं.

ते सगळे कागद मोठ्या साहेबांसमोर ठेवले. साहेबांनी ते वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

“म्हणजे हे कुलूप कुणाचंच नाही?”

“नाही सर.”

“मग सोमवारी सकाळी तोडा! आणि अभिलेख विभागाला सांगा, नोंद सापडत नाही असं सहीनिशी द्या. संपलं.”

मी उड्या मारत बाहेर आले. भोंग्यानं ही बातमी टाचणीच्या कानात सांगितली, म्हणजे ती आता गावभर झाली. दोन दिवसांनी जिन्यात मात्र काकूंनी मला अडवलं. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, आणि तेच जास्त भीतीदायक होतं.

“अगं, ‘सापडत नाही’ अशी सही तुझ्या बाबांना करावी लागणार. आयुष्यात पहिल्यांदा. जेवलाय का माणूस दोन दिवस नीट?”

जेवला नव्हता. मी रोज समोर बसून मीठ मागत होते आणि माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. कोरा कागद बाबांच्या खिशात होता. ते तो बाहेर काढायचे, पेन उघडायचे, पेन बंद करायचे. मीठ मात्र मागितलं की देत होते.

*

रविवारी संध्याकाळी आई बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडत होती. त्या डब्याचं झाकण घट्ट आहे, म्हणून आमच्याकडे त्यासाठी एक खास किल्ली आहे. दारामागच्या खिळ्यावर ती कायम लटकलेली असते. ती कशाची, हे कुणालाच माहीत नाही. झाकण उचकटायची किल्ली एवढंच तिचं घरातलं स्थान.

मी सहज बघत होते. किल्लीच्या डोक्यावर हिरवा रंग होता. उडालेला, पण हिरवा.

“आई, ही किल्ली कधीपासून आहे गं आपल्याकडे?”

“तू रांगत होतीस तेव्हापासून. दात येताना हीच चावायचीस तू. बघ, इथे वाकलीय.”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा किल्लीकडे पाहत होते. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा रांगेतला माणूस ओळखल्यावर होतो. फरक एवढाच की या वेळी रांगेत ते स्वतः उभे होते.

“टाकी,” ते म्हणाले.

“काय टाकी?”

“टाकी फुटली होती. पहिल्यांदा. त्या कोपऱ्यातलं कपाट भिजायला लागलं. हातगाडी आणून सगळे गठ्ठे मी क्रीडागृहात नेऊन ठेवले. म्हटलं, चार दिवस. पाटी लावली, कुलूप लावलं. नोंद करणारच होतो, पण नोंदीचा कागद त्याच गठ्ठ्यांत गेला होता. तेवढ्यात घरून फोन आला, हिनं पहिलं पाऊल टाकलं म्हणून. किल्ली खिशात टाकली आणि धावत सुटलो.”

म्हणजे या गुन्ह्यात माझाही पाय होता. अगदी खराखुरा, पहिलाच.

“आणि इतकी वर्षं तुम्हाला त्या गठ्ठ्यांची आठवण आली नाही?” आईनं विचारलं.

“ते ‘समाधानी’ कपाट होतं,” बाबा खाली बघत म्हणाले. “ज्यांचं काम झालं त्यांचं. समाधानी माणूस परत येतच नाही. माणूस आला तर मला आठवणार ना!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आमचा कळसा तर बिस्किटांच्या डब्यावर होता.

एवढ्यात आजोबा पेपर मागायला आले आणि आमच्या तोंडांकडे आणि किल्लीकडे बघून सगळं समजले. हेडक्लार्क ते हेडक्लार्कच. “किल्ली नाहीच, असं समजा,” ते म्हणाले. “उद्या कुलूप तुटेल, आत गठ्ठे सापडतील, आश्चर्य करा. नोंद नाही, म्हणजे नाव नाही. नाव नाही, म्हणजे चूक नाही.”

बाबांनी हे ऐकून घेतलं. त्यांना ते पटत होतं असं मला वाटलं. त्यांनी चिडून म्हणावं ‘अर्ज मागे घे’, असंही मला वाटलं. म्हणजे मग मी रडत तो मागे घेतला असता. त्यांनी आजोबांना पेपर दिला आणि मला एक बिस्कीट दिलं.

*

सोमवारी क्रीडागृहासमोर जत्रा! साहेब, मुख्याध्यापक, ‘आम्ही नाही’ म्हणणारी सगळी खाती, वरच्या काकू, आजोबा, आमचा सगळा संघ आणि उगाचच तो प्लंबर. कुलूपवाल्यानं हातोडा उचलला.

“थांबा,” बाबा म्हणाले.

ते पुढे आले. खिशातून त्यांनी कागद नाही, किल्ली काढली.

“कुलूप मी लावलं. टाकी फुटून कागद भिजत होते म्हणून लावलं. आणि कधीपर्यंत, ते मी लिहिलं नाही. ‘सापडत नाही’ असं मला लिहून देता येणार नाही साहेब, कारण सापडलंय. माझ्याच घरात.”

कुणी, का, कधीपर्यंत. पाहुण्या बाईंना हवी होती तशी तिन्ही उत्तरं, ओळीनं. भोंगा माझ्या कानात म्हणाली, “अगं, तुझे बाबा काय भारी आहेत!” आणि ते पलीकडच्या रस्त्यावरही ऐकू गेलं. बाबांचे कान लाल झाले.

मग त्यांनी रुबाबात किल्ली कुलपात घातली. फिरवली. फिरेना. निम्मी माझ्या दातांनी आणि निम्मी बिस्किटांच्या झाकणानं वाकलेली ती किल्ली कुलपाला ओळखच दाखवेना. बाबांनी दोन्ही हात लावले, बांधकामवाल्यांनी जोर लावला, पाणीपुरवठ्यातल्या साहेबांनी तेल सुचवलं. शेवटी कुलूपवाल्यानं “बाजूला व्हा हो” म्हणत एकच घाव घातला.

आत धूळ होती. धुळीखाली गुळगुळीत लाकडी जमीन होती, मधोमध बॅडमिंटनची जाळी अजून ताणलेली होती आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत समाधानी माणसं रचून ठेवलेली होती. एका कोपऱ्यात नळही होता. पाणीपुरवठ्यातल्या साहेबांनी तो ताबडतोब आपला म्हणून ओळखला.

आम्ही नाचायला लागलो. तेवढ्यात बाबांनी विचारलं, “साहेब, गठ्ठे नेऊ कुठे? तिथे अजून ठिबकतंय.”

साहेबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, घड्याळ पाहिलं.

“मग असू द्या इथेच,” ते म्हणाले. “तात्पुरते.”

कुलूपवाल्याकडून नवीन कुलूपही घेतलं. हिरवं.

*

त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. एवढं करून हातात काय? एक वाकडी किल्ली, आणि साहेबांनी बाबांना दिलेली समज, तीसुद्धा लेखी. बाबा मात्र विचित्रच वागत होते. पोटभर जेवत होते. जेवण झाल्यावर त्यांनी टेबलावर पुठ्ठा पसरला, पट्टीनं रेघा मारल्या आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली :

‘बंद. कुणी केले : अभिलेख विभाग. का : टाकी गळते म्हणून अभिलेख येथे ठेवले आहेत. कधीपर्यंत : टाकी दुरुस्त होईपर्यंत.’

खाली सही. स्वतःची, पूर्ण.

“आणि उद्यापासून कपाटं विषयानुसार लावणार आहे,” ते आईकडे न बघता म्हणाले. “तेही अक्षरानुसार.”

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. “म्हणजे मग तुम्ही नसतानाही कुणालाही कागद सापडेल.”

“सापडू दे. मला आजारी पडायचं असेल कधी तर?”

मी पाटी वाचली. दुसऱ्यांदा वाचली. आणि डोकं टेबलावरून आपोआप वर आलं.

“बाबा, ही शेवटची ओळ चालणार नाही. ‘दुरुस्त होईपर्यंत’ म्हणजे परत तात्पुरतंच! कायद्यात तारीख लागते.”

“तारीख मी कुठून आणू? टाकी माझ्या हातात आहे का?”

“मग कुणाच्या हातात आहे?”

“बांधकामवाले म्हणतात...” बाबांनी सुरुवात केली आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग खिशातून तो इतके दिवस कोरा राहिलेला कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि पेन उघडलं.

“अर्जदाराचं नाव?” ते म्हणाले.

मी खुर्चीवरून उठले. वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिले होते तशी, हात मागे बांधून.

“आई, बाबा, मी ठरवलंय. टाकी कुणाची, ती कुणी दुरुस्त करायची होती आणि इतकी वर्षं का केली नाही, याचा अर्ज मी उद्या करणार आहे. उत्तर ‘आम्ही नाही’ आलं तर परवा परत करणार आहे. तेव्हा बाबा, अक्षरानुसार काय लावायचं ते लावा. पण ‘पुन्हा येणारे’ कपाट तेवढं मोडू नका. त्यातला एक अख्खा कप्पा माझ्यासाठी रिकामा करून ठेवा.”